मडगार्डची रेघ

पाऊस वरून पडतो, पण सायकल चालवणारा माणूस जास्त भिजतो तो खालून. वरच्या पाण्यासाठी रेनकोट आहे, टोपी आहे, फारच जोर धरला तर आडोसा आहे. शिवाय तो पाऊस कधीतरी थांबतो. रस्ता मात्र त्यानंतरही कितीतरी वेळ ओला राहतो आणि आपलीच दोन चाकं ते पाणी उचलून आपल्यावर टाकत राहतात. वरचं पाणी निदान स्वच्छ असतं. चाकाच्या पाण्यात माती असते, वाळू असते, गाड्यांमधून ठिबकलेलं तेल असतं, झिजलेल्या टायरची काळी भुकटी असते. कपड्यांवरचा तो डाग धुऊनही पुरता जात नाही.

गिअर, ब्रेक, सीट यांच्याबद्दल लोक भरभरून बोलतात. मडगार्डपाशी आलं की ‘बसवायचं तर बसवा एखादं’ इथेच बोलणं संपतं. आणि न बसवणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दिसायला बरं दिसत नाही. मला हे कारण क्षुल्लक वाटत नाही. सायकल देखणी असावी असं मलाही मनापासून वाटतं. उभी करून निघताना तिच्याकडे एकदा वळून बघावंसं वाटलं नाही तर तिच्यात काहीतरी राहून गेलंय असं मी समजते. पण मडगार्डने सायकल कुरूप होते हे मला मान्य नाही. वाईट मडगार्डने होते. आणि डोळ्याला खटकणारं मडगार्ड बहुधा पाणीही नीट अडवत नाही. देखणेपण आणि उपयोग इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. दोघांची मागणी जवळपास एकच असते.

ती कशी, ते कळायला आधी पाण्याचा प्रवास बघावा लागतो. टायर जमिनीला टेकतो तिथे पाण्याचा पातळ थर त्याला चिकटतो आणि चाकाबरोबर वर निघतो. वाटेत जागोजागी तो सुटतो, आणि सुटलेला थेंब त्या क्षणी चाकाची कड जिकडे चाललेली असेल तिकडेच सरळ उडतो. सायकल ताशी २० किलोमीटरने चालली असेल तर टायरची कड आसाभोवती सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगाने फिरत असते. चाकाच्या मागच्या अंगाला, आसाच्या उंचीवर, ही कड नेमकी वरच्या दिशेने जात असते. तिथून सुटलेला थेंब, हवेचा अडथळा सोडला तर, दीड मीटरहून अधिक उंच जाऊ शकतो. सायकलचा पुढे जाण्याचा वेगही त्याच्यात असतोच, त्यामुळे तो मागे पडत नाही, आपल्या सोबतच येतो. त्याहून जरा वर, चाकाचा माथा यायच्या आधी सुटलेला थेंब वर जाता जाता पुढेही झुकतो, आणि तो येतो थेट पाठीवर. बिनमडगार्डच्या सायकलवरून उतरलेल्या माणसाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत जी मातकट रेघ दिसते, ती या थेंबांची.

पुढच्या चाकाचा त्रास वेगळा. त्याच्या माथ्यावरून सुटलेलं पाणी सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे फेकलं जातं, लगेच हवेने अडतं, आणि आपण मागून येऊन त्यातच शिरतो. डोळ्यांत जातं ते हे पाणी. चाकाच्या खालच्या मागच्या भागातून सुटणारं पाणी तिरकं मागे येतं आणि बूट, पायडल, चेन, बीबी (पायडलच्या दांड्या जिथे फिरतात तो फ्रेममधला सांधा) या सगळ्यांना सतत झोडपत राहतं. पाठीवरची रेघ लोकांना दिसते म्हणून तिची चर्चा होते, पण माझ्या मते खरं नुकसान हे खालचं पाणी करतं. ओले मोजे दिवसभर पायात राहतात. चेनवरचं तेल धुतलं जातं, त्याच्या जागी वाळू बसते आणि प्रत्येक पायडलला चेनचे सांधे आणि दाते घासले जातात. बीबीच्या आणि हँडलच्या खालच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की करकर सुरू होते ती पुढे उन्हाळ्यातही ऐकू येते. म्हणून फक्त सीटखाली अडकवायचं छोटं मडगार्ड बघितलं की मला हळहळ वाटते. ते पाठ वाचवतं, बाकी सगळं उघड्यावर सोडतं.

आता दिसण्याकडे येते. मडगार्ड बघताना डोळा सगळ्यात आधी रंग बघत नाही, रेघ बघतो. टायरची गोलाई आणि मडगार्डची गोलाई यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक पट्टी दिसते. ती पट्टी चाकाभोवती सारखी गेली असेल तर सायकल एका हाताने काढलेल्या चित्रासारखी दिसते. ती एका जागी फुगलेली, दुसऱ्या जागी टायरला टेकायला आलेली असेल तर कितीही महागडं मडगार्ड असो, सायकल मोडकी वाटते. आणि हीच पट्टी पाण्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे. फार रुंद फट ठेवली तर बाजूने वारा शिरतो आणि थेंब बाहेर पडतात. फार अरुंद ठेवली तर चिकट चिखल आत अडकतो, वाळलेलं पान अडकतं, चाक घासू लागतं. साधारण एक सेंटिमीटरची फट साध्या रस्त्याला पुरते. कच्च्या चिखलाच्या वाटेवर चालवणाऱ्याने त्याहून बरीच जास्त ठेवावी.

यात एक बारकावा आहे. पुढचं चाक फिरताना खडा, काडी, पान असं जे काही टायरला चिकटून येतं, ते मडगार्डमध्ये खालच्या मागच्या टोकाने शिरतं आणि पुढच्या टोकाने बाहेर पडतं. म्हणजे आत येण्याची वाट रुंद आणि पुढे फट अरुंद होत गेलेली असेल तर आलेली वस्तू आत अडकणार. उलट, खालच्या टोकाशी फट किंचित कमी आणि पुढे जाताना अगदी थोडी वाढती असेल तर जे आत येईल ते निघूनही जाईल. अशी रेघ लांबून सारखीच दिसते, आणि जवळून बघितली तर पुढच्या बाजूला जराशी सैलावलेली. ही सैल होत जाणारी रेघ मला काटेकोर सारख्या रेघेपेक्षाही अधिक सुंदर वाटते.

रुंदीचंही असंच. मडगार्ड टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडं बाहेर हवं. एकूण आठ-दहा मिलिमीटर जास्त. २८ मिलिमीटरच्या टायरवर ३५ चं मडगार्ड जेमतेम बसतं, ३५ च्या टायरला ४५ चं लागतं. टायरपेक्षा अरुंद मडगार्ड पाणी अडवत नाही आणि दिसतंही उसनं आणल्यासारखं. पण नुसती रुंदी पुरत नाही. मडगार्डच्या कडा खाली किती उतरतात तेही बघावं. सपाट पट्टीसारखं मडगार्ड वर उडणारा मोठा फवारा थांबवतं, पण आतल्या बाजूला आपटलेलं पाणी कडेवरून गळत राहतं. खोल, गोल आणि आत वळवलेल्या कडेचं मडगार्ड ते पाणी पन्हळीसारखं धरून खालच्या टोकापर्यंत नेतं. आतून ते जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. आत डोकावणारं प्रत्येक बोल्टचं डोकं आणि प्रत्येक पट्टी पाण्याला बाहेर फेकायला एक निमित्त देते.

लांबीत मात्र बाजारातली बहुतेक मडगार्डं कंजूष असतात. पुढचं मडगार्ड चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, पुढे चांगलं वीतभर तरी गेलेलं असावं, म्हणजे माथ्यावरून पुढे उडणारं पाणी तिथेच अडतं. मागे ते जितकं खाली जाईल तितके बूट कोरडे. इथे प्रत्येक इंच मोलाचा असतो, कारण मडगार्ड जिथे संपतं त्याच्या खालून सुटणारं पाणी जितक्या खालून निघेल तितक्या सपाट कोनात मागे जातं. बरंच वर संपलेल्या मडगार्डखालून ते तिरकं चढून गुडघ्यापर्यंत येतं. जमिनीलगत संपलेल्या मडगार्डखालून ते बरंचसं पायडलच्या खालून निघून जातं. पत्रा इतका खाली नेता येत नाही, फूटपाथच्या कडेवर आपटेल. म्हणून टोकाला रबराचा किंवा चामड्याचा मऊ फ्लॅप लावायचा. मला तर आखूड, मध्येच तोडल्यासारखी मडगार्डं अर्धवट शिवलेल्या कपड्यासारखी वाटतात. लांब मडगार्डने सायकलला एक ठहराव येतो.

हे सगळं फार पूर्वी कुणीतरी नीट विचार करून ठेवलंय, हे मला फ्रेंच टूरिंग सायकली बघताना जाणवतं. रेने एर्स, अलेक्स सिंगेर अशा कारागिरांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लांब पल्ल्याच्या सायकली घडवल्या त्या मडगार्ड धरूनच. फ्रेम आधी आणि मडगार्ड नंतर, असा प्रकार नव्हता. फ्रेमवर मडगार्डच्या बोल्टची जागा आधीच केलेली असे, चाक आणि फ्रेम यांतलं अंतर मडगार्डच्या हिशेबाने ठरवलेलं असे. एर्सच्या सायकलींमध्ये दिव्याची तार मडगार्डच्या वळवलेल्या कडेतून नेलेली सापडते. बाहेरून काहीच दिसत नाही. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससारख्या १,२०० किलोमीटरच्या राइडला या सायकली रात्रंदिवस पावसात चालत. त्या काळातलं ॲल्युमिनियमचं ठोकलेलं, म्हणजे हातोडीच्या बारीक खळग्यांची नक्षी असलेलं मडगार्ड आजही जपानमधली होंजो कंपनी बनवते. ही नक्षी नुसती शोभेची नाही. गुळगुळीत चकचकीत पत्र्यावर पहिला ओरखडा उठला की तोच दिसत राहतो. खळग्यांच्या पत्र्यावर तो हरवून जातो. उजेडही एका जागी न चमकता शेकडो ठिकाणी विखुरतो, त्यामुळे सायकल हलली की मडगार्ड जिवंत वाटतं.

स्टीलचं मडगार्ड मजबूत, पण जड, आणि रंगाचा टवका उडाला की गंजतं. स्टेनलेस वर्षानुवर्षं तसंच राहतं. प्लास्टिक हलकं, आवाज न करणारं, धक्का बसला तर वाकून परत येणारं; रोज गर्दीच्या ठिकाणी सायकल उभी करणाऱ्याला मी डोळे झाकून प्लास्टिकचं सुचवेन. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं पातं सर्वांत देखणं, पण ते कटकटीचं आहे. त्याला ताणून बसवलेलं अजिबात चालत नाही. लाकडाचीही मडगार्डं मिळतात. बघायला सुरेख, पण बहुतेक सपाट असतात, आणि सपाटाबद्दल वर सांगितलंच.

रस्त्यावर दिसण्याचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला होता. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला आपली सायकल दिसते कशी? आपला चेहरा, आपलं हँडल, आपल्या फ्रेमचा आवडता रंग, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याला दिसतं मागच्या चाकाचं काळं टायर आणि त्याच्यावरचं मडगार्ड. आता मडगार्डच्या पाठीचा कोन बघा. सीटच्या खाली ते आकाशाकडे तोंड करून असतं. तिथे लावलेलं रेडियम गाडीच्या दिव्याला जवळजवळ दिसतच नाही. जसजसं खाली यावं तसतशी ती पाठ मागे वळते आणि आसाच्या उंचीवर ती बरोबर मागच्या गाडीच्या समोर येते. रिफ्लेक्टरची, रेडियमच्या पट्टीची, पांढऱ्या रंगाची खरी जागा ही. शिवाय गाडीचे दिवे डिपरवर असतात तेव्हा त्यांचा उजेड रस्त्यालगतच राहतो. गुडघ्याच्या उंचीची वस्तू त्या उजेडात लांबूनच सापडते, छातीच्या उंचीची वस्तू मात्र गाडी बरीच जवळ आल्यावरच. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआऊट असताना ब्रिटनमध्ये सायकलींच्या मागच्या मडगार्डच्या शेपटीला पांढरा रंग दिला जात असे, तो याच जागी. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींवर ती पांढरी शेपटी पुढेही राहिली, आणि काळ्या मडगार्डवर ती इतकी शोभते की ती केवळ सजावट आहे असं वाटावं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. लाल मडगार्ड दिवसा झगझगीत दिसतं म्हणून ते सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पण उजेड कमी होत जातो तसा आपला डोळा लाल रंगाला लवकर अंधारात ढकलतो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ दिसू लागतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. संध्याकाळी, आणि पावसाळी ढगाळ संध्याकाळी तर नक्कीच, लाल मडगार्ड काळपट होऊन जातं. लाल उजेड फेकणारा दिवा वेगळा आणि लाल रंग वेगळा. पांढरं, फिकट पिवळं किंवा चंदेरी मडगार्ड मात्र शेवटपर्यंत टिकून राहतं. गडद रंगाच्या फ्रेमला चंदेरी मडगार्ड जवळपास नेहमीच शोभतं. फ्रेमच्याच रंगाचं करून घेतलं तर शेपटीचा शेवटचा भाग तरी पांढरा ठेवावा. पूर्ण काळं मडगार्ड काळ्या टायरवर मिसळून जातं आणि सायकल हलकी दिसते, हे खरं. ज्यांना ते आवडतं त्यांनी आसाच्या उंचीवर रेडियमची उभी पट्टी लावायलाच हवी.

रेडियममध्येही फरक असतो. स्वस्त कापडी पट्टीवरचे काचेचे बारीक मणी उघडे असतात. त्यांच्यावर पाणी बसलं की उजेड परत फेकण्याची त्यांची ताकद बरीच उतरते, म्हणजे ज्या रात्री ती हवी त्याच रात्री ती मंद होते. वरून प्लास्टिकचा पारदर्शक थर असलेली, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसणारी पट्टी ओली झाली तरी काम करते. आणि मडगार्ड नसलं तर मागचा दिवा, रिफ्लेक्टर, बॅगेवरची पट्टी, सगळं त्याच चिखलाच्या फवाऱ्याखाली येतं. पावसात चालवून आलेल्या बिनमडगार्डच्या सायकलचा मागचा दिवा बोटाने पुसून बघावा, किती उजेड त्या थराखाली गेला होता ते लगेच कळतं.

बसवण्याच्या कामाला मी नेहमी सुट्टीची सकाळ ठेवते, कारण घाई केली की रेघ बिघडतेच. रबरी नळीचे सारख्या जाडीचे तुकडे कापून घ्यायचे, ते टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन-तीन ठिकाणी ठेवायचे आणि मडगार्ड त्यांच्यावर आपल्या वजनाने टेकू द्यायचं. मग बोल्टची जागा बघायची. भोक आणि फ्रेम यांच्यात फट राहत असेल तर बोल्ट आवळून मडगार्डला तिथे ओढायचं नाही. त्या फटीच्या मापाचा वॉशर किंवा चामड्याची चकती मध्ये घालायची. ॲल्युमिनियमला हे फार महत्त्वाचं. ताणून बसवलेला पत्रा दिवसभर बारीक थरथरतो आणि काही महिन्यांत नेमका भोकापासून तडकतो. चामड्याची चकती ती थरथर गिळते आणि खडखडही जाते. स्टेच्या, म्हणजे मडगार्डला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या, तारा आपल्या मापाने कापून टोकं घासून घ्यायची. शेवटी नळीचे तुकडे काढून चाक फिरवायचं, चार पावलं मागे जाऊन बाजूने बघायचं, पुन्हा एखादा स्टे अर्धा मिलिमीटर सोडायचा. हे अर्धा मिलिमीटर सोडणं-आवळणं मला फार आवडतं; रेघ जुळून येते तो क्षण लांबूनच कळतो.

एक गोष्ट मात्र सौंदर्याच्या नादात कधीही सोडू नये. पुढच्या चाकात काठी अडकली आणि ती मडगार्डच्या खालच्या टोकात शिरली, तर चाक मडगार्डला आपल्यासोबत वर ओढतं. पातं दुमडून चिमट्याखाली जमा होतं आणि चाक जागच्या जागी अडतं. चालवणारा हँडलवरून पुढे जातो. सायकलींच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात पुढच्या मडगार्डची याच धोक्यासाठी वेगळी चाचणी आहे. चांगल्या मडगार्डच्या पुढच्या स्टेला जोर आला की सुटणारी प्लास्टिकची क्लिप असते. ती काळी, जराशी बोजड असते आणि चंदेरी तारेच्या टोकाला थोडी खटकते. तरीही ती काढून टाकून थेट बोल्ट लावू नये. तशीच दुसरी गोष्ट पायाची: मडगार्ड लावल्यावर पुढचं चाक जास्त वळवताना बुटाचं टोक त्याला लागतं का, हे उभ्या सायकलवर आधीच तपासून घ्यावं, विशेषतः लहान फ्रेमवर.

सगळ्यात आधी अर्थात जागा असायला हवी. रेसच्या सायकलींमध्ये टायर आणि ब्रेक यांच्यात बोटही जात नाही. तिथे क्लिपवाली अर्धी मडगार्डं लावून निभावावं लागतं. डिस्क ब्रेक आल्यापासून रुंद टायर आणि जास्त मोकळीक असलेल्या सायकली पुन्हा दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या चिमट्यावर मडगार्डची भोकंही परतली आहेत. नवी सायकल घेणाऱ्याने आज मडगार्ड घेतलं नाही तरी चालेल, पण ती भोकं आणि ती मोकळी जागा बघूनच सायकल घ्यावी.

मागच्या मडगार्डच्या लांबीचा आपल्याला स्वतःला फारसा उपयोग नसतो. आपली पाठ तर अर्ध्या मडगार्डनेही वाचते. आसाच्या खाली जो भाग उतरतो तो सगळा आपल्या मागून येणाऱ्यासाठी असतो. ओल्या रस्त्यावर चारजण मिळून एकामागोमाग चालवत असतील तर पुढच्याच्या मागच्या चाकाचा फवारा थेट मागच्याच्या तोंडावर येतो. तो मग वाऱ्याचा आडोसा सोडून बाजूला सरकतो किंवा लांब राहतो, आणि दोघांची सोबत तुटते. म्हणून एकत्र फिरणाऱ्यांनी मागचा फ्लॅपही पुढच्याइतकाच खाली आणावा. विकतचा मिळाला नाही तर जाड रबराचा, खाली जरा पसरट होत गेलेला तुकडा कापून दोन छोट्या बोल्टनी लावता येतो. किती लांब हवा हे मात्र आपल्याला सीटवर बसून कळत नाही. ओल्या रस्त्यावर मागच्याला विचारावं लागतं, आणि तो सांगेल तेवढा वाढवावा लागतो.